गाडीची रेस उतरतच नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं मुख्यतः पेट्रोल गाड्यांसाठी आहेत. डिझेलचं गणित वेगळं, त्याचा प्रश्न खाली स्वतंत्र घेतला आहे. आपल्याकडे तालुक्याच्या गावी कंपनीचं सर्व्हिस सेंटर असेलच असं नाही. नागपूर, अमरावती किंवा अकोला गाठायचं म्हणजे एक दिवस मोडतो. म्हणून अंगणात उभ्या गाडीवर स्वतःला काय पाहता येईल, यावर जास्त लिहिलं आहे.

भाऊ, रेस जास्त आहे म्हणजे नेमकी किती?

इंजिन पूर्ण गरम, एसी बंद, गाडी न्यूट्रलमध्ये आणि पाय पेडलवर नाही. अशा वेळी बहुतेक पेट्रोल गाड्यांचा काटा ७०० ते ९०० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मध्ये स्थिर राहतो. गरम झाल्यावरही तो कायम हजाराच्या वर असेल तर कारण शोधायला घ्या.

स्वस्तातल्या मॉडेलांत आरपीएमचा काटाच नसतो. मग मोकळ्या सपाट रस्त्यावर पहिला गिअर टाका, क्लच हळू सोडा आणि अॅक्सिलेटरला पाय लावू नका. रेस बरोबर असेल तर गाडी चालत्या माणसाच्या वेगानं सरकते. सोबतच्या माणसाला तिच्याबरोबर राहायला पळावं लागलं, तर रेस जास्त आहे.

सकाळी सुरू केली की घोंगावते, मग शांत होते. दाखवू का?

नको. थंड इंजिनाला १,२०० ते १,५०० ची रेस गाडीचा कॉम्प्युटर मुद्दाम देतो आणि इंजिन तापेल तशी कमी करतो. डिसेंबरच्या थंडीत याला जास्त वेळ लागतो, मे महिन्यात कमी. वीस मिनिटं चालवूनही रेस तशीच राहिली तरच पुढे वाचा.

मिस्त्री म्हणतो, "स्क्रू फिरवून देतो, दोन मिनिटाचं काम हाय." फिरवू द्यावा का?

कार्बोरेटरची गाडी असेल तर ठीक, तिचा प्रश्न खाली आहे. इंजेक्शनच्या गाडीत मात्र हात लावू देऊ नका. थ्रॉटल बॉडीवर, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या तोंडावर, दिसणारा तो स्क्रू रेस कमी-जास्त करायचा नसतो. आतली पाकळी बंद होताना नळीच्या भिंतीला घासून अडकू नये म्हणून तो कारखान्यात बसवलेला असतो, बऱ्याचदा वरून रंगाचा ठिपका लावून. तो हलवला की पाकळी नेमकी कधी बंद झाली हे सेन्सरला नीट कळत नाही, आणि एका बिघाडाचे दोन होतात.

पेट्रोल इंजिनाची रेस हवेवर ठरते. जितकी हवा आत जाईल त्या हिशोबानं कॉम्प्युटर पेट्रोल टाकतो. म्हणजे रेस जास्त आहे तर कुठून तरी जास्तीची हवा आत जाते आहे. ही हवा एक तर कॉम्प्युटरनंच बोलावलेली असते, कारण त्याला इंजिन थंड वाटतं किंवा इंजिनावर एसीचा, बॅटरीचा भार आहे. नाही तर ती फुटक्या पाइपातून, सुटलेल्या पॅकिंगमधून किंवा अर्धवट उघड्या पाकळीतून न विचारता घुसलेली असते. बोलावलेली की घुसलेली, एवढं आधी ठरवा. ते न ठरवता सेन्सर बदलत सुटणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

मग हे ठरवायचं कसं?

एअर फिल्टरकडून येणारा जाड पाइप थ्रॉटल बॉडीवरून काढा. इंजिन गरम करून चालू ठेवा. आता थ्रॉटल बॉडीचं तोंड सपाट लाकडी फळीनं किंवा जाड रबरानं पूर्ण झाका. इंजिन लगेच गुदमरून बंद पडलं, तर सगळी हवा तोंडातूनच जात होती. म्हणजे दोष पाकळीत, आयडल वॉल्वमध्ये (पाकळी बंद असताना हवा देणारा वॉल्व) किंवा कॉम्प्युटरच्या समजुतीत आहे. तोंड झाकूनही इंजिन चालतच राहिलं, तर हवा दुसरीकडून घुसते आहे.

आपल्याकडच्या बहुतेक लहान पेट्रोल गाड्यांत ही चाचणी चालते, कारण त्या हवेचा हिशोब मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे थ्रॉटलपासून सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधल्या, दाबावरून करतात. ज्या गाडीत फिल्टरच्या डब्यापुढे हवा मोजणारा सेन्सर असतो, तिचा पाइप काढला की ती तशीच बंद पडते. तिच्यावर ही युक्ती करू नका.

या दोन प्रकारांत आणखी एक फरक आहे. दाबावर चालणाऱ्या गाडीत गळती झाली की कॉम्प्युटर त्या हवेलाही पेट्रोल देतो, त्यामुळे रेस सरळ चढते. हवा मोजणाऱ्या गाडीत घुसलेली हवा मोजलीच जात नाही. हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं आणि रेस चढण्याऐवजी गाडी लटपटते. शेजाऱ्याच्या गाडीत जे लक्षण होतं तेच तुमच्या गाडीत दिसेल असं नाही.

हवा बाहेरून घुसते हे कळलं. आता भोक कुठं आहे ते कसं सापडेल?

इथं घाई कराल तर तासनतास जातील. शांतपणे बसा.

आधी कान लावा. गळती बारीक "स्स्स" आवाज करते, पण इंजिनाच्या आवाजात ती नेमकी कुठून येते ते कळत नाही. शेतात ठिबकच्या १६ मिमी लॅटरलचा तुकडा पडलेला असतोच. त्याचा हातभर लांब, भोकं नसलेला तुकडा घ्या, एक टोक कानाशी धरा आणि दुसरं टोक एकेका पाइपावरून, जोडावरून फिरवा. गळतीवर आलं की आवाज एकदम कानात घुसतो. हात, नळी आणि गळ्यातला दुपट्टा पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब ठेवा. रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो.

मग पक्कड घ्या, तिच्या दातांवर कापड गुंडाळा आणि मॅनिफोल्डवरून निघणारे बारीक रबरी पाइप एकेक करून हलक्या हातानं दाबा. ज्या पाइपाला दाबताच रेस खाली येते, गळती त्याच वाटेवर आहे. पाइप धडधाकट दिसला तरी त्याची टोकं वाकवून पाहा. आपल्याकडचा उन्हाळा बॉनेटखालच्या रबराला वाळवून टाकतो. नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांपर्यंत गेला होता, आणि उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटखाली त्याहून किती तरी जास्त तापतं. रबर वरून काळं, गुळगुळीत दिसतं. क्लिपखाली नखानं दाबलं की कडक लागतं आणि वाकवलं की बारीक चिरा उघडतात. टोकाचा फुटलेला भाग कापून, पाइपाची लांबी पुरत असेल तर पुन्हा बसवला तरी काम भागतं.

मॅनिफोल्डचं पॅकिंग आणि थ्रॉटल बॉडीखालचं पॅकिंग पक्कडीनं तपासता येत नाही. तिथं साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. पाणी आत ओढलं गेलं की क्षणभर रेस बदलते. वायरिंगच्या जोडांवर पाणी मारू नका. कीटकनाशकाचा फवारणी पंप तर अजिबात आणू नका, धुतलेला असला तरी. काही गॅरेजवाले पाण्याऐवजी कार्ब क्लीनर मारतात. त्यात भोक पटकन सापडतं हे खरं, पण गरम सायलेन्सरवर ते पेट घेतं.

ब्रेक दाबला की रेस बदलते. दोन वेगळे बिघाड आहेत का?

एकच आहे. ब्रेक बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. त्याचा जाड पाइप किंवा आतला पडदा फाटला की ब्रेक दाबताना हवा थेट मॅनिफोल्डमध्ये जाते. तपासायला इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबा. पेडल कडक झालं की ते दाबून धरा आणि गाडी सुरू करा. पेडल थोडं खाली बसलं पाहिजे. बसलं नाही तर रेसची चिंता नंतर, आधी ब्रेक दुरुस्त करा.

सोयाबीन घरात आलं तेव्हापासून हा त्रास सुरू झाला. त्याचा काही संबंध आहे का?

आहे. पोती आली की उंदीर येतात, आणि उंदरांना रात्री गरम इंजिनावर झोपायला आवडतं. व्हॅक्यूमचा पाइप, सेन्सरची वायर, फिल्टरच्या डब्यातला कागद, काही सोडत नाहीत. बॉनेट उघडून बॅटरीच्या खालच्या कोपऱ्यात लेंड्या, तुरीची फोलं किंवा कापसाच्या सरकीचा ढीग दिसला तर वायरिंगचा प्रत्येक हात बोटानं चाचपून पाहा. कुरतडलेली वायर वरून अखंड दिसते आणि आतली तार तुटलेली असते. गाडी गोठ्याजवळ किंवा वखारीच्या भिंतीला लावू नका. बाकीचे उपाय, तंबाखूपासून डांबरगोळ्यांपर्यंत, काही दिवसच चालतात.

उन्हाळ्यात गाडी तापत होती म्हणून मिस्त्रीनं थर्मोस्टॅट वॉल्व काढून टाकला. त्यानं रेस वाढते का?

हमखास. आपल्या भागात मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट हीच आहे.

थर्मोस्टॅट वॉल्वचं काम इंजिन थंड ठेवणं नाही, ते योग्य तापमानावर ठेवणं आहे. साधारण ८२ ते ८८ अंशांवर तो उघडतो, तोपर्यंत रेडिएटरकडे पाणी जाऊ देत नाही. तो काढला की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरत राहतं. थंडीच्या दिवसांत यवतमाळहून दारव्ह्याला जाईपर्यंत इंजिन साठ-पासष्टच्या वर चढतच नाही. कॉम्प्युटर पाण्याच्या सेन्सरकडे पाहतो आणि समजतो की इंजिन अजून थंडच आहे. मग तो हवा वाढवतो, पेट्रोलही वाढवतो. रेस चढलेली राहते, अॅव्हरेज पडतो, प्लग काळे होतात आणि ऑईलमध्ये पेट्रोल मिसळतं.

गाडी तापण्याचं खरं कारण दुसरंच असतं: बुजलेलं रेडिएटर, उशिरा सुरू होणारा पंखा, ढिली पडलेली रेडिएटर कॅप किंवा रेडिएटरच्या जाळीत साचलेला कापूस आणि भुसा. ते दुरुस्त करा आणि नवा वॉल्व बसवा.

काही जुन्या मॉडेलांत थ्रॉटल बॉडीलाही गरम पाण्याचे दोन बारीक पाइप येतात. "इथं थंडी कुठं पडते" म्हणून ते बायपास केले जातात. त्या थ्रॉटल बॉडीत पाण्याच्या उष्णतेनं बंद होणारा मेणाचा वॉल्व असेल तर तो कायम उघडाच राहतो, आणि मग कितीही सेन्सर बदलले तरी रेस उतरत नाही.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी टाकलं तर चालतं का?

अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर मुळीच नको. पूर्णेच्या खोऱ्यातलं ते पाणी माणसाला प्यायला जड जातं, तसंच ते रेडिएटरच्या नळ्यांत आणि सेन्सरच्या टोकावर पांढरा थर बसवतं. थराखालच्या सेन्सरला तापमान उशिरा आणि कमी कळतं. बॅटरीत टाकायचं डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट यांचं मिश्रण, पुस्तकात दिलेल्या प्रमाणात, भरा. बर्फाची भीती नसली तरी कूलंट लागतोच, कारण तो गंज रोखतो आणि पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवतो.

पाणी कमी पडलं किंवा आत हवेचा गोळा अडकला, तरी सेन्सर पाण्याऐवजी वाफेत उघडा पडतो आणि काहीही आकडा सांगतो. पातळी इंजिन थंड असतानाच पाहा. गरम कॅप उघडू नका.

थ्रॉटल बॉडी साफ करून आणली आणि रेस उलट वाढली. मिस्त्रीनं काही बिघडवलं का?

बहुतेक नाही. पाकळीभोवती काळा थर साचत जातो तशी हवेची वाट अरुंद होते. कॉम्प्युटर हळूहळू शिकतो आणि पाकळी किंवा आयडल वॉल्व थोडा जास्त उघडा ठेवतो. थर एका दिवसात गेला, पण कॉम्प्युटरची सवय गेलेली नाही. तो जुन्याच हिशोबानं उघडतो आणि हवा जास्त जाते.

बऱ्याच गाड्यांत बॅटरीची निगेटिव्ह वायर पंधरा मिनिटं काढून ठेवली, मग एसी, दिवे बंद ठेवून, पेडलला हात न लावता पंखा एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवलं, की रेस जागेवर येते. काही गाड्यांत हेच काम स्कॅनरवरून करावं लागतं.

एक मात्र लक्षात ठेवा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी चावी चालू असताना बोटानं ढकलू नका. आतले प्लास्टिकचे दाते तुटतात आणि मग पूर्ण थ्रॉटल बॉडीच बदलावी लागते.

अॅक्सिलेटर वायरवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांत साफ करताना आयडल वॉल्वची सुई उघडी अडकलेली सापडते. ती काढून क्लीनरनं धुवा. सुई हातानं आत दाबू नका, फिरवू नका.

रेस वर-खाली, वर-खाली होते. हे काय?

जास्तीच्या हवेचंच एक रूप. पाकळी बंद आहे आणि तरी आरपीएम चढलाय, असं दिसलं की कॉम्प्युटर समजतो गाडी उतारावरून येते आहे, आणि पेट्रोल तोडतो. आरपीएम पडला की पुन्हा देतो. मग काटा १,५०० आणि २,००० च्या मध्ये झोके घेतो. पाइपांतली गळती आणि पाण्याचा सेन्सर, या दोन गोष्टी आधी पाहा.

पायाखाली पाहायचं काही असतं का?

असतं, आणि खरं तर पहिल्यांदा तेच पाहावं. दुहेरी चटई पेडलवर चढते. पावसाळ्यात बुटाबरोबर आलेली काळी माती पेडलच्या कोयंड्यात वाळून दगड होते. वायरच्या गाडीत बॉनेट उघडून थ्रॉटलजवळची वायर बोटांनी हलवा, तिला किंचित ढील हवी. पेडल पूर्ण दाबून सोडल्यावर थ्रॉटलचा हात "टक" आवाज करून परत बसला पाहिजे. रेंगाळला तर वायर बदला. मळणीच्या धुळीत वायरला ग्रीस लावू नका, धूळ धरून ती आणखी जाम होते.

जुनी मारुती ८०० आहे, कार्बोरेटरची. तिचं काय?

आधी चोकचं बटण पूर्ण आत आहे का पाहा, आणि बॉनेटखाली चोकचा हात खरंच परत आलाय का तेही. वायर आखडली की बटण आत दिसतं आणि चोक अर्धा ओढलेला राहतो. मग अॅक्सिलेटर वायरची ढील, परतीची स्प्रिंग आणि कार्बोरेटरखालचं पॅकिंग. हे सगळं नीट असेल तरच, इंजिन गरम करून, आयडलचा स्क्रू फिरवा. फार जुन्या कार्बोरेटरात पाकळीचा दांडा झिजून हलतो आणि त्याच्या बाजूनं हवा जाते. तो हलत असेल तर स्क्रूनं केलेली सेटिंग दोन दिवस टिकणार नाही.

गॅस किट बसवलंय. दोष किटचा की गाडीचा?

पेट्रोलवर टाकून पाहा. फक्त गॅसवर रेस जास्त असेल तर किटची सेटिंग. दोन्हीवर असेल तर गाडीचं इंजिन. किट बसवताना व्हॅक्यूमच्या पाइपांत जोडलेले प्लास्टिकचे टी तपासा, तेच आधी तडकतात. बॅकफायर होऊन गेला असेल तर फिल्टरचा डबा आणि हवेचा पाइप फाटलाय का बघा.

डिझेल बोलेरो किंवा सुमोला हेच लागू आहे का?

नाही. डिझेलची रेस डिझेलच्या मात्रेवर ठरते, हवेच्या गळतीनं ती चढत नाही. जुन्या मेकॅनिकल पंपात अॅक्सिलेटर वायर, पंपावरचा आयडल स्क्रू आणि एसीसाठी रेस वाढवणारा छोटा डायफ्रॅम पाहायचा. नव्या गाडीत पेडलचा सेन्सर आणि पाण्याचा सेन्सर.

एक धोका मात्र डिझेललाच आहे. टर्बोचं सील फुटलं की इंजिन स्वतःचं ऑईल ओढून जाळायला लागतं. निळसर-पांढऱ्या धुराचा लोट निघतो, रेस चढत जाते आणि चावी काढूनही इंजिन बंद होत नाही. गाडी उभी असेल तर ब्रेक घट्ट दाबा, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. जमलं नाही तर माणसांना घेऊन दूर व्हा. अशा इंजिनासमोर वाकून बसू नका.

एसी लावल्यावर शे-दीडशेनं वाढते. ठीक आहे ना?

ठीक आहे. बॅटरी उतरलेली असतानाही काही गाड्या चार्जिंगसाठी रेस थोडी वाढवतात.

स्कॅनर लावला तर नेमकं काय पाहायचं?

२०१० नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली सॉकेट असतं, मोबाईलवर चालणारं छोटं यंत्रही पुरतं. कोड पी०५०७ म्हणजे रेस अपेक्षेपेक्षा जास्त. हा फक्त तक्रार सांगतो, कारण नाही. पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, गळतीकडे बोट.

कोडपेक्षा चालू आकडे कामाचे. पाण्याचं तापमान पाहा. वर्ध्यात मे महिन्यात सेन्सर उणे ४० दाखवत असेल, तर तिथं वायर तुटलेली आहे. अशा वेळी रेडिएटरचा पंखाही बहुधा एकसारखा फिरत राहतो. पेडल सोडल्यावर थ्रॉटलचा आकडा दरवेळी त्याच जागी परत येतो का पाहा. हे दोन आकडे बरोबर असतील तर सेन्सर विकत घेऊ नका, पाइपांकडे वळा.

इथेनॉलच्या पेट्रोलमुळे रेस वाढते म्हणतात.

थेट नाही. जुन्या गाडीतले पेट्रोलकडचे रबरी पाइप आणि ओरिंग त्यानं लवकर खराब होऊ शकतात, तो वेगळा विषय.

तशीच चालवत राहिलो तर?

पेट्रोल जातं, ब्रेक आणि क्लच झिजतात. बाजारात बैल, सायकली आणि लेकरं यांच्यामधून गाडी काढताना ती स्वतःहून पुढे ढकलत राहते, हे जास्त वाईट.

चालत्या गाडीत रेस अडकली तर?

ब्रेक एकदाच आणि जोरात दाबा, दाबूनच ठेवा. पुन्हापुन्हा दाबू नका, कारण पाकळी उघडी असताना बूस्टरला नवा व्हॅक्यूम मिळत नाही आणि पेडल दगड होतं. क्लच दाबून न्यूट्रल करा. इंजिन ओरडेल, ओरडू द्या. बाजूला थांबल्यावर चावी बंद करा. चालत्या गाडीत चावी काढली तर स्टिअरिंग लॉक होतं.

पीयूसीवाल्यानं तपासताना रेस खूप वाढवली. गाडीला काही होतं का?

काही होत नाही. बीएस-४ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांची एक तपासणी साध्या आयडलवर आणि दुसरी २,५०० आरपीएमच्या आसपास होते, म्हणून तो पेडल दाबतो. पण साध्या आयडलच्या तपासणीत तुमची गाडी आधीच १,४०० वर असेल तर तो आकडा आयडलचा राहत नाही. आधी रेस दुरुस्त करा, मग इंजिन गरम करूनच केंद्रावर न्या.